सुरीच्या आधी

बकरी ईदच्या आधीचे पंधरा-वीस दिवस महाडच्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एरवीपेक्षा वेगळी माणसं येतात. एरवी जनावर आजारी पडलं म्हणून येतात. या दिवसांत ते पूर्ण धडधाकट आहे ना, एवढंच विचारायला येतात. हातात बोकडाची दोरी, बरोबर त्याला रोज पाला भरवणारं घरातलं पोर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, जरा दात बघा."

शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठ दातांवरून वय काढावं लागतं. दुधाचे दात अरुंद आणि बारीक असतात. साधारण सव्वा वर्षाच्या आसपास मधली जोडी पडून रुंद, कायमचे दोन दात येतात आणि दोन वर्षांच्या सुमारास त्यांच्या शेजारची जोडी बदलते. बाजारात म्हणूनच दोन दाती, चार दाती, सहा दाती अशी भाषा असते. शिरवळच्या महाविद्यालयात शिकून घाट उतरून मी इकडे नोकरीला आले, तेव्हा कुर्बानीला दोन दाती बोकड लागतो एवढंच देशावर ऐकलेलं होतं. इथे एका वयस्कर चाचांनी मला थांबवलं. "दोन नाही, बेटा. चार दात दिसायला पाहिजेत. आम्ही शाफई."

शाफई आणि हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्याकडे बोकडाला एक वर्ष पुरं झालेलं चालतं. कोकणी मुसलमान शाफई, आणि शाफई मतात बोकडाची दोन वर्षं पुरी व्हावी लागतात. यामागे समुद्राचा इतिहास आहे. उत्तरेकडे इस्लाम खुश्कीच्या मार्गाने आला, कोकणात तो अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला. मलबार, भटकळ, श्रीलंका, इंडोनेशिया, सगळीकडे शाफईच. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पाण्यावर दासगाव-महाडपर्यंत माल चढत होता, त्याच वाटेने हा विचारही आला. म्हणून कोळंबीबद्दल काही हनफी घरांत अजूनही वाद असतो आणि महाडच्या मोहल्ल्यात मात्र सोड्यांचं कालवण निर्धास्त शिजतं. समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसांना समुद्रातलं अन्न मोकळं ठेवणारा कायदा मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दात झाले की बाकीची तपासणी. एका डोळ्याने आंधळा आहे का? चालताना लंगडतो का? आजारी दिसतो का? हाडांत मगज उरू नये इतका खंगलेला आहे का? हदीसमध्ये कुर्बानीला न चालणाऱ्या जनावराचे हे चार दोष सांगितलेत. आम्हाला कॉलेजात जनावराची बाह्य तपासणी शिकवतात तिचा क्रम याहून फार वेगळा नाही: डोळे, चाल, एकूण तजेला, अंगावरचं मांस. मीच एकदा हे मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही रोग शोधता. आम्ही हे बघतो की अल्लाहच्या नावाने देताना आपण टाकाऊ जनावर देत नाही ना."

हा फरक मला पुढे वारंवार उपयोगी पडला. कारण 'हे सगळं मुळात आरोग्यासाठीच सांगितलंय' हे वाक्य मी दोन्हीकडून ऐकते. मुसलमान घरांत अभिमानाने ऐकते आणि हिंदू मित्रमंडळींत समजूतदारपणे. ६ जुलैला आम्ही झूनोसिस दिनानिमित्त, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगांवर, शाळांतून बोलायला जातो. एका शाळेत नववीतल्या मुलीने विचारलं, "डुकराच्या मांसात जंत असतात म्हणूनच ते हराम आहे ना, मॅडम?"

मी तिला खरं ते सांगितलं. डुकराच्या मांसातून फीतकृमी माणसात येतो आणि त्याची अंडी पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात, हे बरोबर. पण गोमांसातूनही फीतकृमी येतो. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याचे फोड होतात, तेही एका जंतामुळेच. नीट शिजवलं तर मांसातले जंत मरतात. जंत हेच कारण असतं तर 'शिजवून खा' म्हटलं असतं. शिवाय डुकराच्या मांसातला ट्रिचिनेला हा बारीक जंत माणसाने प्रथम पाहिला १८३५ साली, लंडनला. आदेश त्याच्या बाराशे वर्षं आधीचा. हीच ओढाताण ज्यूंच्या धर्मशास्त्रातही झाली. बाराव्या शतकात कैरोत वैद्यकी करणाऱ्या मैमोनिदीस यांनी डुकराच्या बंदीला घाणीचं आणि आरोग्याचं कारण दिलं. मेरी डग्लस यांनी १९६६च्या आपल्या पुस्तकात ते नाकारलं. अशा बंद्यांमागे प्राण्यांची वर्गवारी आणि जगाची मांडणी असते, असं त्या म्हणाल्या. मला स्वतःला वाटतं, श्रद्धेने पाळणारा माणूस सांगितलंय म्हणून पाळतो, आणि ते कारण त्याला पुरेसं असतं. त्याला आरोग्याचा टेकू दिला की उद्या कुणी स्वच्छ गोठ्यात वाढवलेलं, तपासलेलं डुक्कर आणून ठेवेल आणि विचारेल, आता काय? त्या मुलीला मी म्हटलं, तुझ्या श्रद्धेला माझ्या सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. आरोग्याचा प्रश्न आहे, पण तो दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे, हे मला शेजारच्या पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर फिरताना कळत गेलं.

कुराणाच्या पाचव्या सूरहच्या तिसऱ्या आयतीत काय खाऊ नये याची यादी आहे. मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस, अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं. पुढे मरणाचे प्रकार येतात: गळा आवळून, मार बसून, उंचावरून पडून, शिंगाचा घाव लागून, हिंस्र श्वापदाने फाडून. यांतलं जे जिवंतपणी हाती लागलं आणि रीतसर जबह केलं, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन गळा कापला, ते चालतं. मराठी अनुवादात मी हे वाचलं तेव्हा पोलादपूरच्या दवाखान्यातली नोंदवही उघडल्यासारखं वाटलं. दाव्याला अडकून गळफास बसलेली शेळी. आंबेनळी घाटाच्या अंगाला कड्यावरून घसरलेली. माजावरच्या बोकडांच्या झुंजीत पोट फाटलेला. बिबट्याने मानेला धरलेली. डोंगरात शेळ्या राखणाऱ्यांचे हाल सातव्या शतकातल्या अरबस्तानात आणि आमच्या धनगरवाड्यांवर एकच असावेत.

मेलेलं खायचं नाही, या एका नियमाबद्दल मी फार कृतज्ञ आहे. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून काळं रक्त आलेल्या जनावराला फाशी म्हणजे अँथ्रॅक्स झालेला असू शकतो; त्याला नुसतं फाडलं तरी जंतूंचे बीजाणू मातीत पसरतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. 'फाडू नका, खोल पुरा, चुना टाका' हे मी गावोगाव घसा कोरडा करून सांगते आणि तरी कुठे कुठे मध्यरात्री वाटे पडतात. मोहल्ल्यात मला हे सांगावं लागत नाही.

अवघड जागा त्याच्या पुढची आहे. जे अजून मेलेलं नाही, पण मरायला टेकलंय, त्याचं काय?

पावसाळ्यात इकडे शेळ्यांचे फार हाल होतात. महाडला पाऊस धोधो, तीन हजार मिलिमीटरच्या वर. शेळी मुळात कोरड्या हवेचं जनावर. पायांत चिखल्या होतात, पहिल्या कोवळ्या चाऱ्याने आंत्रविषार होतो, ट्रकातून दाटीवाटीने आलेल्या बोकडांना न्यूमोनिया होतो. त्यात चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. २०१६ला ती सप्टेंबरात होती, २०२१ला ऐन जुलैत. त्या वर्षांत दवाखान्यात खोकणारे बोकड खूप पाहिले. ईद चार दिवसांवर, दहा-पंधरा हजारांचं जनावर, ताप १०५. मालक म्हणतो, "मॅडम, उभा राहील एवढं इंजेक्शन द्या."

औषध देणं माझं काम आहे, ते मी देते. पण लांब काळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की सुई दिल्यावर साधारण २८ दिवस या जनावराचं मांस खाऊ नये. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकालाही काही आठवडे जावे लागतात. याला आम्ही विथड्रॉवल पिरियड म्हणतो. औषधाचा अंश मांसात उरतो. कुणाला त्याची ॲलर्जी असते आणि प्रतिजैविकं अशी नकळत पोटात जात राहिली तर जंतू त्यांना सरावतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मांसातल्या अशा अंशांना मर्यादा घालून दिल्यात. पण वाडीवरच्या बोकडाचं मांस कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. सुई टोचली ती जागा आठवड्याने दिसतही नाही. ज्याने टोचली आणि ज्याने टोचून घेतली, तेवढ्या दोघांनाच ठाऊक असतं.

एका वर्षी एक व्यापारी असेच बोकड बरे करून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात 'घरच्या पाल्यावर वाढवलेला' म्हणून विकताना मला दिसला. मी इमामसाहेबांकडे गेले. माझा प्रश्न सरळ होता: असा बोकड बिस्मिल्लाह म्हणून रीतीने कापला तर तो हलाल का?

त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, जबह नीट झालं असेल तर मांस हराम म्हणता येणार नाही. पण तो सौदा वेगळा प्रश्न आहे. त्यांनी मला धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. पैगंबर बाजारातून जात होते, एका ढिगात हात घातला तर आत ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा ते म्हणाले की मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आमच्यातला नाही. "बोकडाच्या अंगातलं औषध म्हणजे आतलं ओलं धान्य," इमामसाहेब म्हणाले. "सुरी फक्त गळ्यावरून फिरते. कमाईवरून फिरत नाही."

पुढच्या जुम्म्याला त्यांनी खुतब्याआधीच्या बयानात हे सांगितलं. मीही सांगत होतेच, पण माझं बोलणं डॉक्टरचा सल्ला होतं. पटलं तर घ्यायचं. त्यांच्या बोलण्यात घरी जाऊन पत्नीला आणि मुलाला तोंड दाखवायचा प्रश्न होता. त्यानंतर ईदच्या दीड महिना आधी लोक विचारायला येऊ लागले की जंताचं औषध शेवटचं कधी पाजायचं. आरोग्याच्या दृष्टीने माझ्या नोकरीत झालेलं हे सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते रोगाबद्दल बोलून झालेलं नाही, खोट्याबद्दल बोलून झालं.

जनावराच्या भीतीबद्दलही असंच आहे. सुरी धारदार ठेवा, जनावराला आराम द्या, त्याच्या डोळ्यांदेखत धार लावू नका, ही शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्या देशातल्या कत्तलखान्यांच्या २००१च्या नियमांतही एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं लिहिलंय. यामागचं शरीरशास्त्र आम्हाला ठाऊक आहे. घाबरलेल्या, ओढत आणलेल्या जनावराच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन कापण्याआधीच संपतं. मग पुरेसं लॅक्टिक आम्ल तयार होत नाही, मांसाचा पीएच साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरायला हवा तो सहाच्या वर राहतो, मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर नासतं. म्हणजे दया केली तर मांस टिकतं. पण दया करायची ती मांस टिकावं म्हणून नव्हे, एवढं मला कळतं. गर्दीच्या दिवशी घाईत हा नियम मोडताना मी पाहिलाय, आणि तिथल्या तिथे बोललेही आहे. एका तरुण खाटकाने ऐकून पडदा लावला. वडील हयात असते तर त्यांनीच कान धरला असता, असं तो म्हणाला.

ही फक्त मोहल्ल्याची गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रात गावगाड्यातला मुलाणी पिढ्यानपिढ्या हिंदूंच्याही जत्रेतला, नवसाचा बोकड कापत आला. महाडच्या बाजारातलं मटण घेऊन गौरीच्या सणाला तिखटाचा नैवेद्य दाखवणारी घरं मला माहीत आहेत. त्या बोकडाचं इंजेक्शन सगळ्यांच्याच पोटात जातं.

आणि मग २०२१. बकरी ईद बुधवारी, २१ जुलैला होती. कोरोनाचे निर्बंध होतेच. दुसऱ्या दिवशी सावित्री आणि गांधारी नद्या शहरात शिरल्या. बाजारपेठेत काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही डोंगर आला. वीज नाही, फोन नाही, रस्ता नाही.

त्या दिवसांत माझं काम मेलेली जनावरं पुरण्याचं होतं. तळमजल्यावर बांधलेले बोकड दावणीलाच बुडाले होते. शाफई मतात कुर्बानी ईदनंतरचे तीन दिवस करता येते, म्हणून बऱ्याच जणांचे बोकड राहिलेले होते. बुडून मेलेल्याचा कुणाला मोह झाला नाही. 'आता दुसरा आणायला पाहिजे का', एवढंच दोघा-तिघांनी विचारलं. शाफईंमध्ये कुर्बानी ताकीद असलेली सुन्नत आहे, फर्ज म्हणजे सक्तीची नाही, आणि बाहेर माणसं उपाशी होती. इमामसाहेब म्हणाले, आधी माणसं बघा.

उंचावरच्या आळीत आदल्या दिवशीची कुर्बानी झालेल्या घरांच्या फ्रीजमध्ये मांस होतं आणि वीज गेलेली. चार अंशांच्या वर गेलेलं मांस किती वेळ धरवतं, हे विचारायला एक आपा कमरेएवढ्या पाण्यातून माझ्यापर्यंत आली. मी म्हटलं, आज शिजवा, उद्या नको. तासाभरात देगा चढल्या. ईदच्या आदल्याच दिवशी आषाढी होऊन चातुर्मास लागलेला, म्हणून पाळणाऱ्यांसाठी शेजारी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने साधी खिचडी. छतांवर अडकलेल्यांना दोन्ही पोचलं. तिथे कुणीतरी सांगितलं की मदिनेत एका वर्षी कुर्बानीचं मांस तीन दिवसांपेक्षा जास्त घरात ठेवायला पैगंबरांनी मनाई केली होती, कारण बाहेरून भुकेली माणसं आली होती. पुढच्या वर्षी ठेवायला परवानगी दिली. मी पशुवैद्य म्हणून तीन दिवस हा आकडा ऐकला की मांस नासण्याचा विचार करते. तो नियम नासण्याचा नव्हता, दाराशी कोण उभं आहे याचा होता. मात्र तो पाळणाऱ्यांच्या घरी त्या आठवड्यात नासलेलं मांस खाऊन कुणी आजारी पडलं नाही आणि मला कमी मांस पुरावं लागलं.

२०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर नेली. धर्मात तेवढे दिवस दिलेले असतात, म्हणून नेता येते. पण नेण्याचं मन असावं लागतं, तेव्हाच ती सवलत कामी येते.

सगळं जमलंय असं नाही. ईदनंतरची आतडी-फुप्फुसं अजूनही उकिरड्यावर पडतात, कुत्री ती खातात आणि पाण्याच्या फोडांचा जंत कुत्र्यांच्या पोटात वाढून पुन्हा शेळीकडे, आणि कधी माणसाकडेही येतो. दोन आळ्यांत आता खड्डा आधी खणतात, मग सुरी काढतात. बाकीच्यांना मी दरवर्षी सांगते आहे. नदीत मासे मरून वर येतात तेव्हाही प्रश्न येतो: शाफई मतात मेलेला मासा हलाल आहे, मग हा का नको? तिथे मला निःसंकोच म्हणावं लागतं की कशाने मेला ते कळेपर्यंत खाऊ नका. इमामसाहेब जोड देतात की जे अपाय करतं ते जाणूनबुजून खाणं धर्मातही बसत नाही.

स्थानिक बोकडांचं बरंच मार्गी लागलंय. वरच्या वाडीतले एक धनगरबाबा आता वहीत औषधाची तारीख लिहून घेतात आणि गिऱ्हाइकापुढे वही धरतात. त्यांना भाव दोनशे-पाचशेने जास्तच मिळतो. पण घाटावरून आणि परराज्यांतून ट्रकने येणाऱ्या बोकडांची वही कुणाकडे नसते. कानात बारा अंकी बिल्ला असला तर लसीची नोंद सापडते, टोचलेल्या प्रतिजैविकाची सापडत नाही. त्या बिल्ल्याच्या नोंदीतच शेवटच्या औषधाचं नाव आणि तारीख भरणं सक्तीचं करावं, असं मी वरिष्ठांना लेखी दिलंय. मोहल्ल्यातल्या कमिटीनेही त्या अर्जावर सह्या केल्या, आणि बाजारातल्या हिंदू मटणवाल्यांनीही. उत्तर यायचं आहे. तोवर बाजाराच्या दिवशी मी ट्रकाजवळ उभी राहून प्रत्येकाला विचारते की शेवटची सुई कधी आणि कसली, आणि ज्याला सांगता येत नाही त्याच्या बोकडाच्या दाखल्यावर तसं लिहून देते.